क्लॅरिनेटचा दात

ज्यांना डॉक्टरांनी दाताच्या मुळाचं टोक कापायचं ऑपरेशन सांगितलंय आणि जे घरी येऊन कोणाशी न बोलता बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मला असं काही वाचायला मिळालं नव्हतं. मोबाइलवर शोधलं तर उघडी हिरडी, रक्त आणि हातमोज्यातली बोटं दिसली, आणि जेवणावरची वासनाच उडाली. तुम्ही ते बघू नका. माझ्या लिहिण्यातही गोड काही नाही, पण हे ज्याचं तोंड उघडलं त्यानं लिहिलंय, ज्यानं उघडलं त्यानं नाही.

मी लासुर्ण्याचा. आमचा लग्नात वाजवणारा बँड आहे. अब्बांनी उभा केला, आता थोरला भाऊ इस्माईल चालवतो. तो साइड ड्रम वाजवतो, सुपाऱ्या घेतो आणि सगळ्यांवर ओरडतो. मी क्लॅरिनेट वाजवतो. गाण्याचे शब्द गायकानं म्हणावेत तसे आमच्या बँडमध्ये ते क्लॅरिनेट म्हणतं, म्हणून मी जरा तोऱ्यात असतो असं भाऊ म्हणतो. खोटं नाही ते.

क्लॅरिनेट वाजवताना खालचा ओठ खालून लागतो आणि वरचे पुढचे दात माउथपीसवर वरून टेकतात. बोटं वाद्य धरतात, पण त्याला जागेवर ठेवतो तो दात. माझं वाद्य उजव्या दातावर टेकायचं. बिघडला तो नेमका तोच.

पत्तीचा वास

तो दात किडलेला नव्हता, मेलेला होता. सोमेश्वरनगरच्या एका वरातीत नाचणाऱ्या पाहुण्याचं कोपर क्लॅरिनेटच्या तोंडावर बसलं होतं. वाद्य आत आलं, दात सणकला, ओठातून रक्त आलं. मी रक्त गिळलं आणि पुढचं गाणं वाजवलं. पुढं काही वर्षांत दात हळूहळू काळसर झाला. इंदापूरच्या डॉक्टरांनी रूट कॅनल केलं, वर कॅप बसवली, आणि विषय संपला असं मला वाटलं.

मग एका लग्नसराईत पत्तीला वास यायला लागला. पत्ती म्हणजे माउथपीसला बांधलेली वेताची पातळ चीप, ती थरथरली की सूर निघतो. ती थुंकीनं भिजते, त्यामुळे थोडाफार वास असतोच. हा वास वेगळा होता, कुजका. मी पत्ती बदलली. आठवड्यात नवी पत्ती तशीच. दुकानदाराला फोन करून झापलं की माल ओला विकतोस. पत्त्या मिठाच्या पाण्यात टाकल्या, उन्हात वाळवल्या. माझ्या बायकोनं, रेहानानं, एकदा चहा देताना तोंड फिरवलं.

"वास पत्तीला न्हाय. तुमच्या तोंडाला येतुय," ती म्हणाली.

"तुला काय कळतंय वाद्यातलं?"

"वाद्यातलं न्हाय कळत. वासातलं कळतंय."

मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. मीच तसा आहे.

कॅपच्या वर, हिरडीवर ज्वारीच्या दाण्याएवढा फोड यायचा. जिभेनं दाबला की फुटायचा, तोंडात खारट चव यायची, आणि बरं वाटायचं. परत यायचा. दात टेकवला की ठणकायचा, म्हणून मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून माउथपीसवर चिकटवला. रबरावर दात टेकवला की कळ कमी. आमच्या धंद्यातले बरेच जण असं करतात आणि एकमेकांना शिकवतात. त्या रबराच्या जोरावर मी अख्खी लग्नसराई काढली. आत काय चाललं होतं ते रबरानं मला कळू दिलं नाही. पुढं बारामतीच्या मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

ज्या दिवशी कळलं

सराई संपता संपता एका सकाळी उठलो तर वरचा ओठ नाकापर्यंत सुजलेला. आरशात मी मलाच ओळखेना. डोळ्याखालचं कातडं ताणून चकचकीत झालं होतं. भाऊ बघून म्हणाला, "मधमाशी चावली का काय?" मग जवळ येऊन बघितलं आणि हसायचा थांबला.

इंदापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सूज उतरवली आणि एक्स-रे काढला. तो त्यांनी दोनदा उजेडाला धरून बघितला. 

"हा काढावा लागेल. नाहीतर बारामतीला एक मॅडम आहेत, त्या मुळाचं ऑपरेशन करतात. वाचला तर वाचला," ते म्हणाले.

बारामतीला रेहाना सोबत आली. मॅडम वयानं माझ्याहून लहान होत्या, आवाज मऊ, पण बोलणं सरळ. त्यांनी मशीनमध्ये माझं डोकं धरून मोठा फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर दाखवला. दात पांढरा, त्याचं मूळ पांढरं, आणि मुळाच्या टोकाला काळा गोल डाग.

"हे काळं काय हाय?" रेहानानं विचारलं.

"तिथं हाड असायला हवं होतं. ते नाही राहिलं. आतल्या पुवानं खाल्लं."

मी विचारलं, "गाठ हाय का?" माझाच आवाज मला बारीक ऐकू आला.

"पिशवीसारखं काहीतरी आहे. बहुतेक साधं असेल. काढलं की तपासायला पाठवू."

त्या "बहुतेक"नं मला धरलं. आमची अम्मी दातांना तंबाखूची मिश्री लावायची. तिच्या गालात गाठ झाली होती आणि शेवटी तिला पाणीसुद्धा चमच्यानं पाजावं लागायचं. ते तोंड मी पाहिलंय. मॅडम पुढं काय काय समजावत होत्या, हिरडी उघडायची, पिशवी खरवडायची, मुळाचं टोक कापून तिथं सिमेंट भरायचं. मला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. मला अम्मीचा गाल दिसत होता.

रेहानानं माझ्या वतीनं सगळं ऐकलं. पहिल्यांदा जाताना एकटे जाऊ नका, एवढं माझं ऐका. घाबरलेल्या माणसाचे कान बंद असतात.

मॅडमनी विचारलं, काम काय करता. मी "शेती" म्हणालो. बँडवाला म्हटलं की शिकलेली माणसं जरा वेगळ्या नजरेनं बघतात, म्हणून आम्ही सगळे शेतीच सांगतो. रेहाना फटकन म्हणाली, "शेती नावाला हाय. क्लॅरिनेट वाजवत्यात हे. ह्या दातावर वाजवत्यात."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्हाला हा दात नुसता दिसण्यासाठी नकोय. कामाला हवाय."

"व्हय," मी म्हणालो.

"मग अवघड आहे. पण प्रयत्न करू."

घरातली भांडणं

भावाचं म्हणणं सोपं होतं. दात काढ, कवळी बसव, दिवाळीनंतर वाजव. त्याच्या मते जग ड्रमच्या काठीवर चालतं, काठी मोडली की दुसरी आणायची. मी सांगून दमलो की कवळीवर क्लॅरिनेट टेकत नाही, फुंकलं की कवळीच उठते.

"मग बाकीच्या दातावर वाजव."

"भाई, सूर तोंडाच्या ठेवणीवर असतुय. पंचवीस वर्सं एका ठिकाणी ठिवलंय मी ते."

"आन् आपरेशन करून न्हाय टिकला तर? दात बी गेला आन् सराई बी."

  "आपरेशन करायचं. दात ठिवायचा," एवढंच रेहाना बोलली आणि भाकरी थापायला लागली. मोठ्या दिरासमोर ती कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी तिनं भाकरी इतक्या जोरात थापल्या की भाऊ उठून बाहेर गेला.

आमच्या बँडमध्ये बाबूतात्या म्हणून आहेत. पूर्वी ट्रम्पेट वाजवायचे, भारी वाजवायचे. पुढचे दात गेले आणि सूर गेला. पण सुपारी घेताना दहा माणसांचा बँड ठरला की दहा माणसं उभी करावी लागतात, नाहीतर पाव्हणे मोजतात. म्हणून तात्या अजूनही येतात. लाल कोट, टोपी, हातात ट्रम्पेट, गाल फुगवलेले, आवाज शून्य. असे एक-दोन जण प्रत्येक बँडात असतात. लोकांना कळत नाही. आम्ही त्यांना "उभा गडी" म्हणतो आणि हसतो. त्या आठवड्यात मी हसायचं बंद केलं होतं. ऑपरेशन फसलं तर मी काय होणार, हे मला रोज तात्यांच्या रूपानं समोर दिसत होतं.

खुर्चीत

ऑपरेशन पावसाळ्यात झालं. भुलीचं इंजेक्शन हिरडीत आणि नाकाच्या मुळाशी दिलं, ते दुखतं. दुखत नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. डोळ्यातून आपोआप पाणी येतं, त्याची लाज वाटून घेऊ नका. नंतर नाकापासून हनुवटीपर्यंत आपण राहतच नाही.

तोंडावर हिरवं फडकं, त्याला मधे भोक. डोळे मिटले तरी वरच्या दिव्याचा लाल उजेड दिसत होता. हिरडी उघडली ती कळली नाही, ओढल्यासारखं वाटलं एवढंच. मग हाडाला भोक पाडायची मशीन सुरू झाली. तो आवाज कानानं नाही, कवटीनं ऐकू येतो. आणि माझी खोड अशी की कोणताही आवाज आला की मी त्याचा सूर शोधतो. भीतीनं पाय ताठ झालेले, आणि डोक्यात मात्र मी त्या मशीनचा सूर पेटीवर कुठं लागेल ते बघत होतो. एका क्षणी तो सूर अर्ध्या पट्टीनं वर गेला. मला कळलं, हाड संपलं, आता माझं मूळ कापतायत. पुढच्या क्षणी मॅडम म्हणाल्या, "मुळापर्यंत आलोय आपण."

तेव्हा मला रडू फुटलं. आवाज नाही, फक्त छाती हलली. सिस्टरनी फडक्याखालून माझा हात हातात घेतला आणि शेवटपर्यंत धरून ठेवला. त्यांचं नाव मी विचारलं नाही, आणि पुढच्या वेळी त्या तिथं नव्हत्या. एवढ्या सगळ्यात माझ्याकडून कोणाचं काही द्यायचं राहून गेलं असेल तर ते त्यांचं.

खरवडून काढलेलं मॅडमनी छोट्या बाटलीत घातलं. मी बघितलं. तुम्ही बघू नका.

पेज, बर्फ आणि रिपोर्ट

त्यानंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत, पण सांगतो, कारण तेच कोणी सांगत नाही. सूज दुसऱ्या दिवशी जास्त येते, तेव्हा ऑपरेशन बिघडलं असं वाटतं. बिघडलेलं नसतं. गालावर निळं-पिवळं उतरत जातं. मी भाताची पेज प्यायचो, गार करून, चमच्यानं. रेहाना चमचा माझ्या हातात द्यायची, तोंडापर्यंत आणायची नाही. अम्मीची आठवण मला येईल हे तिला न सांगता कळलं होतं.

हिरडीतले टाके जिभेला माशाच्या काट्यासारखे लागायचे. वरचा ओठ एका बाजूनं बधिर राहिला. शिट्टी वाजवून बघायची हुक्की आली, बघितली, नुसती हवा निघाली. रेहानानं स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "ऐकलं मी ते! परत करू नका!"

पण खरा त्रास रिपोर्टचा होता. तो यायला वेळ लागला. त्या काळात मी घरातल्या सगळ्यांना फाडून खाल्लं. टीव्हीचा आवाज, दाराची कडी, चप्पल, सगळ्यावरून. भाऊ आला की मी झोपल्याचं सोंग घ्यायचो. एकदा तो उशाशी बसून राहिला आणि मी झोपलोय असं समजून म्हणाला, "अम्मीसारखं नगं रं बाबा." मग नाक ओढत उठून गेला. मी डोळे उघडले नाहीत. उघडायला हवे होते.

रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा मॅडमनी दारातूनच सांगितलं, "साधी आहे. पुवाची पिशवी होती. घाबरायचं काही नाही." एवढं आत जाऊन बसायच्या आधी सांगणाऱ्या डॉक्टरला मी शंभर वर्षं आयुष्य मागतो. रेहाना तिथंच बाकावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

पण मॅडमनी दुसरंही सांगितलं. मूळ आता आखूड झालंय. भोवतीचं हाड भरून यायला महिने लागतील. तोवर या दातावर वाद्य टेकवायचं नाही, फुंकायचं नाही. दिवाळीनंतर परत फोटो काढला तर हाड निम्मंच भरलं होतं. "अजून थांबा," त्या म्हणाल्या. येताना रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या होत्या, म्हणजे आमची सराईही आली होती. मोटारसायकल खड्ड्यात आदळली की दात वर टोचल्यासारखा व्हायचा आणि मी शिव्या देत होतो, खड्ड्याला, ट्रॉल्यांना, सगळ्यांना.

उभा गडी

भावानं माझ्या जागी अकलूजचा एक पोरगेला क्लॅरिनेटवाला आणला. तो बरा वाजवायचा, पण एकाच वेळी दोन सुपाऱ्या घ्यायचा आणि ऐनवेळी यायचा नाही. तशाच एका दिवशी सकाळी भाऊ घरी आला. उभाच राहिला.

"दहा माणसं ठरल्यात. एक कमी पडतुय," तो म्हणाला.

"मला वाजवायचं न्हाय, भाई."

"वाजवू नगंस. कोट घाल आन् ऱ्हा उभा. चाल ट्रम्पेटवर काढू."

रेहाना आतून बाहेर आली. मला वाटलं आता भडका उडणार. पण लग्न कळंबला होतं, तिच्या माहेरी, तिच्या घराशेजारच्यांच्या मुलाचं. तिलाही आवतण होतं. ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "तोंडात धरू बी नका."

मी क्लॅरिनेटची पत्ती काढून खिशात ठेवली, म्हणजे चुकून फुंकलं तरी सूर निघायला नको. कोट घातला. टेम्पोत बाबूतात्या शेजारी बसले होते. त्यांनी माझ्या वाद्याकडं बघितलं, पत्ती नाही ते त्यांना लगेच दिसलं. ते हसले नाहीत.

"गाल मदनंमदनं फुगवायचं," ते हळूच म्हणाले. "सारखं फुगवलं की लोकास्नी कळतंय. आन् डोळं मिटून घ्यायचं. डोळं उघडं ठिवलं की वळखीचं कोन तरी दिसतंय."

कळंब

लग्नाआधी नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या देवळाला निघतो, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. बँडची खरी कसोटी तिथंच. ऊन होतं. आमच्या गाडीवर स्पीकर, मधे नाचणारी पोरं. मी दुसऱ्या रांगेत उभा राहून माउथपीस ओठांच्या पुढं धरलं होतं, बोटं चालवत होतो. बोटांना गाणं पाठ होतं, ती बरोबर चालत होती. आवाज नव्हता एवढंच. 

देवळासमोर सगळे थांबले. तेवढ्यात रेहानाच्या माहेरचे एक शेजारी, गणपतआबा, गर्दीतून पुढं आले. त्यांनी मला पूर्वी ऐकलेलं होतं. त्यांनी आमच्या गाडीवरचा माईक काढून घेतला.

"आवं थांबा थांबा! हे कोन हायती म्हाइत हाय का? आमच्या गावचं जावई हायती! क्लॅरिनेट ऐकलं न्हाय तुमी असलं! बाकीचं गप ऱ्हावा जरा. हं, जावई, होऊ द्या!"

आणि त्यांनी माईक माझ्या वाद्यासमोर धरला. बँड थांबला. पोरं थांबली. गणपतआबा माझ्याकडं इतक्या कौतुकानं बघत होते की मला त्यांना सांगता येईना. मी काय केलं ते मला अजून कळत नाही. मी वाद्य तोंडात धरलं आणि बोटं हलवली.

स्पीकरमधून माझा श्वास बाहेर आला. आणि वाद्याच्या चाव्यांची टकटक, टकटक. अख्ख्या देवळासमोर दुसरा आवाज नव्हता. कोणीतरी मागून म्हणालं, "बिघडलंय वाटतं." मग एक पोरगी हसली, तिच्यामागं चार जण. गणपतआबांनी माईक आपल्या तोंडाशी नेला, "हॅलो, हॅलो" केलं, तो चालू होता, परत माझ्यासमोर धरला. टकटक.

बायकांच्या घोळक्यात रेहाना उभी होती. ती जमिनीकडं बघत होती.

भावानं ड्रमवर जोरात रोल मारला, बँडच्या दुसऱ्या ट्रम्पेटवाल्यानं चाल उचलली, घोडा पुढं निघाला. मी रांगेत चालत राहिलो, बोटं हलवत. तात्या माझ्या बाजूला आले.

"पयल्यांदी आसंच हुतं," ते म्हणाले. "मग सवय हुती."

त्यांना मला धीर द्यायचा होता. मी आयुष्यात इतकं घाबरवणारं वाक्य ऐकलेलं नाही, गाठीचं धरूनसुद्धा.

येताना टेम्पोत न चढता मी भावाची मोटारसायकल घेतली, रेहाना मागं बसली. कळंबपासून लासुर्ण्यापर्यंत मी एकदाही मागं वळून बघितलं नाही.

शेवटचा फोटो

त्यानंतर मी उभा राहायला गेलो नाही. भाऊ परत विचारायलाही आला नाही.

सराई सरली, उन्हाळा गेला, आणि पुढच्या फोटोत काळा डाग जवळजवळ भरून आलेला दिसला. मॅडमना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. त्यांनीच वाद्य घेऊन यायला सांगितलं होतं. दवाखान्यात, त्याच खुर्चीत बसून मी पत्ती बांधली. बाहेर लोक बसले होते. मॅडमनी हातमोजा घातला आणि एक बोट माझ्या दाताच्या मुळावर, हिरडीवर ठेवलं.

"वाजवा."

पहिला सूर फाटका आला. दुसरा लागला. ओठ बधिर होता तिथून हवा निसटत होती, पण सूर होता, माझा होता. मी हळू एक चाल काढली. वरच्या पट्टीत गेलो तसा दात दाबला गेला, आणि मॅडमचं बोट तिथंच होतं. मी थांबलो तेव्हा त्यांचा चेहरा डॉक्टरचा झाला होता.

"दात वाचलाय," त्या म्हणाल्या. "आता मी खरं सांगते. घरी रोज थोडा वेळ वाजवलंत तर हा बरीच वर्षं साथ देईल. वरातीत पूर्वीसारखं वाजवलंत, तर हलायला लागेल आणि जाईल. कधी ते सांगता येणार नाही. तेव्हा मग मला काही करता येणार नाही."

ज्या वाद्यासाठी दात वाचवला, त्या दातासाठी वाद्य ठेवून द्यायचं. मला मॅडमचा राग आला, आणि त्यांची त्यात काय चूक, म्हणून आणखी राग आला.

बाहेर येऊन रेहानाला मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, झालं तर मग, घरात वाजवा. एवढी पेज तिनं केली, एवढी भांडली, शिट्टीसुद्धा वाजवू दिली नाही. बोलायचा हक्क तिचाच होता, आणि ती म्हणेल ते मी ऐकणार होतो. तसं मी मनाशी ठरवलंच होतं.

ती मोटारसायकलपाशी आली. पदर खोचला, पिशवी मांडीवर घ्यायला म्हणून हातात धरली, आणि तशीच उभी राहिली.

"कळंबला मी खाली बघत हुते, ते लाजंनं न्हाय," ती म्हणाली. "तुमचा श्वास त्या डब्यातनं ऐकू येत हुता. सगळ्या गावाला. अम्मींचा शेवटी यायचा तसा. मला वाटलं, हे उभ्याउभ्या गेलं."

मी किल्ली लावली नव्हती.

"वाजवा," ती म्हणाली. "दात जाऊ दे."

ही सराई मी वाजवतोय. पहिल्या रांगेत. रोज सकाळी तोंड धुताना जीभ लावून बघतो. गेल्या आठवड्यापासून दात हलतोय.